शाळेकडचे प्रवेशाचे आकडे पालकांनी मागावेत का?

वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे अमेरिकेतल्या शाळांविषयीच्या एकाच विषयाभोवती फिरतात. हायस्कूलमधून कोणत्या कॉलेजात किती मुलांनी अर्ज केले, किती जणांना प्रवेश मिळाला, ही माहिती शाळेकडे असते. ती पालकांना पाहायला मिळावी का, आणि मिळाली तर तिचे करायचे काय, असा हा विषय आहे. मी काही वर्षे तिथल्या हायस्कूलमध्ये समुपदेशनाचे काम केले असल्याने उत्तरे थोडी सविस्तर देत आहे. मी वकील नाही, हे मात्र कायद्याचे मुद्दे वाचताना लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी मध्य न्यू जर्सीतील एका सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. चार वर्षांपूर्वी मोठ्या मुलाच्या वेळी नेव्हियन्सवर, म्हणजे शाळा कॉलेज-अर्जांसाठी वापरते त्या ऑनलाइन प्रणालीवर, पालकांच्या खात्यातून प्रत्येक कॉलेजचा आलेख दिसत असे. आमच्या शाळेतल्या किती मुलांनी तिथे अर्ज केले, त्यांचे जीपीए (श्रेणींची सरासरी) आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण किती होते, कोणाला प्रवेश मिळाला आणि कोणाला नाही, हे सगळे ठिपक्यांतून कळत होते. आता पालकांसाठी तो आलेख बंद केला आहे. काउन्सेलर म्हणतात, "भेटीच्या वेळी दाखवू, पण प्रत मिळणार नाही." पुण्यात भावाच्या मुलाच्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या वेळी प्रत्येक कॉलेजचा, शाखेचा आणि प्रवर्गाचा कट-ऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सगळ्या जगाला दिसत होता. मग इथेच ही लपवाछपवी का? आम्हाला ही माहिती मागण्याचा कायदेशीर हक्क आहे का?
— एक आई, मिडलसेक्स काउंटी

उत्तर : आधी कायद्याचे पाहू, कारण गैरसमज तिथेच जास्त असतात. १९७४ साली अमेरिकन काँग्रेसने केलेला फेर्पा हा कायदा पालकांना आपल्या पाल्याची शैक्षणिक नोंद पाहण्याचा हक्क देतो आणि मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत शाळेला ती दाखवावी लागते. हा हक्क आपल्या पाल्यापुरताच आहे. गेल्या पाच वर्षांत शाळेतून कोण कुठे गेले याचा गोषवारा कोणा एका मुलाची नोंद नसल्यामुळे फेर्पाच्या आधारे तो मागता येत नाही. उलट इतरांच्या मुलांची माहिती तुमच्यापासून राखण्याची जबाबदारी हाच कायदा शाळेवर टाकतो. मात्र ज्या माहितीवरून कोणीही ओळखू येणार नाही अशी एकत्रित आकडेवारी जाहीर करायला तो आड येत नाही. त्यामुळे "फेर्पामुळे काहीच देता येत नाही" असे शाळेने सांगितले तर ते सरसकट खरे मानू नका. आणि "फेर्पामुळे तुम्हाला द्यावेच लागेल" असे तुम्ही म्हणालात तर तेही टिकणार नाही.

दुसरा रस्ता राज्याच्या माहिती कायद्याचा. न्यू जर्सीत त्याला ओप्रा म्हणतात. सरकारी शाळांचे प्रशासन त्याच्या कक्षेत येते आणि लेखी अर्जाला साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावे लागते. आपल्याकडच्या माहिती अधिकाराप्रमाणेच इथेही अस्तित्वात असलेला कागद मागता येतो, नवे संशोधन करून द्या असे म्हणता येत नाही. संगणकातील माहितीच्या बाबतीत ही रेघ थोडी पुसट आहे. २०१७ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅफ विरुद्ध गॅलोवे टाउनशिप या खटल्यात असे ठरवले की संगणकात असलेल्या माहितीतून काही रकाने काढून देणे म्हणजे नवा कागद तयार करणे नव्हे. पण त्याच वर्षी कॅम्डेनच्या शाळांसंबंधीच्या एका खटल्यात राज्याच्या अपील न्यायालयाने सांगितले की नावे काळी केली तरी विद्यार्थ्याची नोंद ही विद्यार्थ्याचीच नोंद राहते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींची मते समसमान विभागली गेल्यामुळे तो निर्णय कायम राहिला. २०२४ मध्ये ओप्रात दुरुस्त्याही झाल्या. या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ असा की एका ओळीत एक मूल अशी यादी, नावे काढून का होईना, मागितली तर नकार येण्याची शक्यता दाट आहे. कॉलेजवार एकूण अर्ज, एकूण प्रवेश आणि प्रत्यक्ष दाखल झालेल्यांची संख्या असा तयार अहवाल शाळेकडे असेल तर तो मागणे पुष्कळ वाजवी आहे.

ठिपक्यांच्या आलेखाची अडचण इथेच सुरू होते. आलेख निनावी असतो, हे खरे. पण समजा, गेल्या तीन वर्षांत तुमच्या शाळेतून एखाद्या छोट्या कॉलेजात सहाच मुलांनी अर्ज केले आणि त्यांतल्या सर्वांत वरच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याला नकार मिळाला आहे. तो ठिपका कोणाचा, हे त्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि निम्म्या पालकांना ठाऊक असते. म्हणून ठरावीक संख्येपेक्षा कमी अर्ज असले तर आलेख दिसू नये अशी सोय या प्रणालींत असते आणि तो आकडा किती ठेवायचा हे शाळा ठरवते. तुमच्या शाळेने अख्खी खिडकीच बंद केली. मला विचाराल तर हा आळशी उपाय आहे. किमान संख्या वाढवून तेच साधले असते.

आता लपवाछपवीच्या आरोपाविषयी. अशा आकड्यांनी मुलांवरचा ताण वाढेल, ही शाळांना वाटणारी भीती अगदीच खोटी नाही. तुमच्या शेजारच्या वेस्ट विंडसर–प्लेन्सबोरो शाळा जिल्ह्यात, जिथे आपल्या भारतीय कुटुंबांची संख्या मोठी आहे, २०१५ मध्ये अधीक्षक डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना सोळा पानी पत्र लिहिले होते आणि हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद करण्यापर्यंत पावले उचलली होती. त्यावरून पालकांमध्ये उघड दोन तट पडले. आलेख दिसला की मूल नववीपासून ठिपके मोजू लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. संशोधक क्रिस्टीन मलहर्न यांनी हार्वर्डमध्ये असताना नेव्हियन्सच्या या आलेखांचाच अभ्यास केला. ज्या कॉलेजचा आलेख मुलांना दिसतो तिथे अर्ज करण्याचे आणि जाण्याचे प्रमाण वाढते, गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना चार वर्षांच्या कॉलेजांकडे वळवायला त्याचा उपयोग होतो. पण आपले गुण आधीच्या प्रवेशितांपेक्षा कमी दिसले की काही मुले मोठ्या कॉलेजांचा नाद आधीच सोडून देतात, असे त्यात आढळले. म्हणजे ज्यांच्या घरी माहिती सांगणारे कोणी नाही त्यांना हा आलेख तारतो आणि उंबरठ्यावरच्या मुलाला तोच मागे खेचतो. ज्या घरात काका, मामा आणि मंडळातले दहा जण सल्ला द्यायला तयार आहेत, त्या घरासाठी तो बंद झाला तर फार बिघडत नाही. ज्या घरातून कोणीच कॉलेजात गेलेले नाही, त्यांचे मात्र बिघडते. शाळेशी बोलताना हा मुद्दा पुढे ठेवा, तो आपल्या हक्काच्या भाषेपेक्षा जास्त ऐकला जातो.

पुण्याच्या कट-ऑफशी केलेली तुलना मला पटत नाही, आणि त्याचे कारण समजून घेणे हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. महाराष्ट्रातल्या कॅप फेरीत गुणवत्ता क्रमांक, पसंतीक्रम आणि प्रवर्गासारखे आधी ठरलेले आरक्षण यांवरच जागा वाटली जाते. शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचे पर्सेंटाइल म्हणजे कट-ऑफ. ती प्रत्यक्षात असलेली रेघ आहे आणि ती कोणीही ताडून पाहू शकतो. अमेरिकेतल्या खासगी कॉलेजांत अशी रेघच नाही. अर्ज वाचणारी माणसे निबंध, शिफारसपत्रे, शाळेत कोणते विषय उपलब्ध होते आणि कोणते घेतले, खेळ, घरची पार्श्वभूमी हे सारे एकत्र पाहतात. प्रवेशात वंशावरून भेदभाव होतो अशा आरोपाने हार्वर्डवर झालेल्या खटल्यामुळे बाहेर आलेल्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञांनी दाखवले की तिथे प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा डीनच्या खास यादीतले होते. तुमच्या आलेखात खालच्या कोपऱ्यात दिसणारा, प्रवेश मिळाल्याचा हिरवा ठिपका रोइंगच्या संघातल्या मुलीचा आहे की आजोबांच्या नावावर गेलेल्या नातवाचा, हे आलेख सांगत नाही. अर्ली डिसिजनमध्ये, म्हणजे मिळाले तर येणारच असे बांधून घेऊन केलेला अर्ज आणि साधा अर्ज, हेही अनेकदा एकाच रंगात दिसतात. त्यात २०२० नंतर पुष्कळ कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली. त्यामुळे गुण न पाठवताच प्रवेश मिळवलेल्या मुलांचे ठिपके एक तर आलेखावर नाहीत, किंवा शाळेच्या नोंदीतले पण कॉलेजला न कळवलेले गुण वापरून भलत्याच जागी बसले आहेत.

आणखी एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. हा आकडा जन्माला कसा येतो? कॉलेजचा निर्णय थेट मुलाला कळतो, शाळेला नाही. आपल्याला होकार आला की नकार, हे मूल स्वतः प्रणालीत भरते किंवा काउन्सेलरला सांगते. होकार उड्या मारत सांगितला जातो आणि नकार पुष्कळदा भरायचाच राहतो. अखेरचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, कुठे पाठवला, एवढेच शाळेला खात्रीने माहीत असते. तुमच्या घराजवळच्या रटगर्स विद्यापीठाची गोष्ट तर आणखी वेगळी: तिथे विद्यार्थी आपले विषय आणि श्रेणी स्वतःच ऑनलाइन भरतो, त्यामुळे अर्जाच्या वेळी शाळेकडून ट्रान्सक्रिप्ट मागवावा लागत नाही आणि मुलाने सांगितले नाही तर अर्ज केल्याचेही शाळेला कळत नाही. शाळेच्या आकड्यांत होकाराचे प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसते, असे धरून चाललात तर सहसा चुकणार नाही.

म्हणून काउन्सेलरकडे प्रत मागण्यापेक्षा मी पुढीलप्रमाणे जाईन. शाळेचे 'स्कूल प्रोफाइल' हे दोन-चार पानी पत्रक प्रत्येक अर्जासोबत कॉलेजांना जाते आणि बहुतेक शाळांच्या संकेतस्थळावर असते. आधी ते वाचा, कारण तुमच्या मुलीचा अर्ज वाचणाऱ्याच्या हातात तेच असणार आहे. त्यात श्रेणींची वाटणी दिली असेल तर आलेखापेक्षा जास्त कळेल. मग राज्याच्या शिक्षण खात्याचा शाळेबद्दलचा वार्षिक कामगिरी अहवाल पाहा. किती टक्के मुले दोन वर्षांच्या आणि किती चार वर्षांच्या कॉलेजात गेली, हे त्यात असते. त्यानंतर काउन्सेलरची भेट घ्या, आलेख डोळ्यांनी पाहा आणि मुलीला सोबत न्या. शेवटी, शाळा मंडळाच्या जाहीर बैठकीत तीन-चार पालकांनी मिळून एवढीच मागणी करावी: मागील पाच वर्षांचे मिळून, कॉलेजवार अर्ज, होकार आणि प्रत्यक्ष दाखल मुले असा तक्ता दरवर्षी जाहीर करावा आणि दहापेक्षा कमी अर्ज असलेली कॉलेजे त्यातून वगळावीत. ही मागणी मान्य करणे शाळेला जड नाही आणि नाकारणे अवघड आहे.

प्रश्न : आम्ही बे एरियात भाड्याने राहतो आणि घर घ्यायच्या विचारात आहोत. मुलगा सातवीत आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या संकेतस्थळावर प्रत्येक हायस्कूलमधून बर्कली आणि लॉस एंजेलिसला किती मुले गेली याचे आकडे आहेत. मी तीन शाळांचा तक्ता केला. ज्या शाळेचा आकडा सर्वांत मोठा तिथले घर दोन लाख डॉलरने महाग आहे. हा खर्च करावा का?
— एक वडील, फ्रीमाँट

उत्तर : तुम्ही उल्लेख केलेला तक्ता हे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाने केलेले चांगले काम आहे आणि इतर राज्यांतील वाचकांनी त्याचा हेवा करावा. तिथे माहिती शाळा देत नाही, विद्यापीठ स्वतः देते. त्यामुळे नकार लपण्याचा प्रश्नच येत नाही. कोणत्या शाळेतून किती अर्ज आले, किती होकार दिले आणि किती जण दाखल झाले, हे नऊही पदवी कॅम्पससाठी वर्षवार पाहता येते. फार छोटे आकडे मात्र झाकलेले असतात.

तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे, असे मला वाटते. तुम्ही होकारांची संख्या घेतली, अर्जांची घेतली नाही. सातशे मुलांच्या वर्गातून साठ होकार आणि तीनशे मुलांच्या वर्गातून चाळीस होकार, यांत मोठे काय? भागून पाहा. एकाच मुलाने सहा कॅम्पसना अर्ज केला असेल तर तो सहा ठिकाणी मोजला जातो, म्हणून कॅम्पसचे आकडे एकमेकांत मिळवू नका. संपूर्ण विद्यापीठाचा वेगळा आकडा तिथेच आहे, त्यात मूल एकदाच मोजलेले असते. शिवाय कोणत्या शाखेला प्रवेश मिळाला हे शाळावार तक्त्यात नसते. बर्कलीला इतिहास शिकायला मिळालेला होकार आणि कॉम्प्युटर सायन्सला मिळालेला होकार तिथे सारखेच दिसतात, आणि आपल्या घरांत बहुधा दुसऱ्याचीच चौकशी चाललेली असते.

आता घराचे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया एसएटी आणि तिच्यासारख्याच एसीटी या परीक्षेचे गुण प्रवेशासाठी पाहतच नाही. अर्ज वाचण्याचे तिचे तेरा निकष जाहीर आहेत आणि मुलाने स्वतःच्या शाळेत मिळालेल्या संधींचे काय केले, हे त्यांत ठळकपणे येते. त्याखेरीज प्रत्येक सहभागी हायस्कूलमधल्या वरच्या नऊ टक्के मुलांसाठी वेगळी तरतूद आहे: त्यांना मागितलेल्या कॅम्पसवर जागा मिळाली नाही तरी जागा शिल्लक असलेल्या दुसऱ्या कॅम्पसवर प्रवेशाची हमी मिळते. ती जागा बर्कलीची नसते, हे उघडच आहे. तरी विचार करा: ज्या शाळेत प्रत्येक दुसरे मूल दहा एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय घेते, तिथे त्या नऊ टक्क्यांत बसणे सोपे की अवघड? महागड्या शाळेचा मोठा आकडा बहुतांशी तिथे आधीच आलेल्या मुलांमुळे असतो. इमारतीत शिरल्यामुळे तो तुमच्या मुलाला चिकटत नाही. चांगले शिक्षक, सुरक्षित परिसर, मुलाचे मित्र यांसाठी दोन लाख डॉलर द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा. या तक्त्याच्या भरवशावर मात्र देऊ नका. मुलगा सातवीत आहे, तो अर्ज करील तोवर नियमही हेच राहतील असे नाही. २०२० पूर्वी एसएटी किंवा एसीटीशिवाय बर्कलीचा अर्ज कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

प्रश्न : आमच्या गावातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एकाने गुगल शीट सुरू केली आहे. गेल्या चार वर्षांत बारावी झालेल्या आपल्या मुलांची नावे, शाळा, जीपीए, एसएटी, कोणते उपक्रम केले, कुठे मिळाले आणि कुठे नाही असे रकाने आहेत. शाळा देत नाही म्हणून आपणच करू, असा हेतू आहे. माझ्या मुलीची माहिती मी भरावी असा आग्रह आहे, तिचा मात्र ठाम नकार आहे. मी काय करावे?
— एक आई, उत्तर कॅरोलायना

उत्तर : मुलीचे ऐका. तिचा निकाल ही तिची गोष्ट आहे, आणि ज्या हॉलमध्ये गणपतीच्या आरतीला तिला दरवर्षी उभे राहायचे आहे, तिथल्या प्रत्येक काकूच्या फोनवर तिला मिळालेले नकार असावेत की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडेच हवा.

तिचा नकार नसता तरी मी ही शीट भरू नका असेच म्हटले असते, कारण ती कामाची नाही. त्यात कोण माहिती भरणार? ज्यांच्या मुलांचे चांगले झाले ते. चाळीस मुलांच्या यादीत अठरा नावे येतील आणि त्या अठरांतली पंधरा नावाजलेल्या कॉलेजांतली असतील. ते पाहून नववीतल्या मुलाची आई घाबरेल आणि त्याला आणखी दोन क्लास लावेल. ठिपक्यांच्या आलेखातले सगळे दोष इथे आहेत, वर नावे आहेत. शाळेने अशी यादी जाहीर केली असती तर याच गटातल्या पालकांनी वकील गाठला असता. गुगल शीटचा दुवा एकाने दुसऱ्याला पाठवला की तो पुढे कुठे जातो हे कोणालाच कळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तर पॉवरस्कूलसारख्या मोठ्या कंपनीच्या विद्यार्थी-नोंदींच्या प्रणालीतून माहिती चोरीला गेली होती. आपल्या गटातल्या शीटला तेवढेही कुलूप नाही.

तुमच्या गटाला खरोखर काही करायचे असेल तर कॉलेजांनी स्वतः जाहीर केलेली माहिती वाचायला बसा. बहुतेक कॉलेजे दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचे एकाच साच्यातले विवरण प्रसिद्ध करतात. त्याच्या 'सी' विभागात किती अर्ज आले, किती होकार दिले, अर्ली डिसिजनमधून किती घेतले, वेटलिस्टवरच्या किती जणांना अखेर आत घेतले, गुण पाठवलेल्यांची टक्केवारी किती, हे असते. कॉलेज कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देते याचाही तक्ता त्यात आहे. काही कॉलेजे आपल्यात येण्याची उत्सुकता दाखवणाऱ्यांना वजन देतात, काही अजिबात देत नाहीत. भेट द्यायला पाचशे मैल गाडी चालवायची की नाही, हे त्या एका ओळीवरून ठरते. अर्ज करून गेलेल्या मुलांना बोलावायचेच असेल तर चहाला बोलावा आणि ज्याला जे सांगावेसे वाटेल ते सांगू द्या. कोणता निबंध लिहिताना ते अडकले, काउन्सेलरला शिफारसपत्रासाठी किती आधी सांगावे लागले, आर्थिक मदतीचे फॉर्म भरताना कुठे चुकले, हे त्या शीटमध्ये कधीच येणार नव्हते.

प्रश्न : नात बोस्टनजवळच्या एका खासगी शाळेत आहे. सून म्हणते, त्या शाळेला हे माहितीचे कायदे लागूच नाहीत. असे कसे?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : सूनबाई बरोबर सांगतात. फेर्पा केंद्रीय शिक्षण खात्याचा पैसा घेणाऱ्या संस्थांना लागू आहे आणि बहुतेक खासगी शाळा तो घेत नाहीत. राज्यांचे माहिती कायदे सरकारी यंत्रणेपुरते असतात. तिथे शाळेने पालकांशी केलेला करार आणि तिची नियमपुस्तिका यांत जे असेल तेच लागू. मात्र एवढे शुल्क देणाऱ्या पालकाने प्रवेशापूर्वीच, गेल्या काही वर्षांत मुले कुठे गेली त्यांची संख्येसह यादी द्या, असे विचारण्यात काही गैर नाही. संख्येसह हे महत्त्वाचे. अनेक पत्रकांत कॉलेजांची नुसती नावे वर्णानुक्रमे छापलेली असतात आणि पाच वर्षांत एकदाच गेलेल्या मुलामुळे मोठे नाव त्यात झळकत राहते.

प्रश्न : मुलगा फेब्रुवारीत अठरा वर्षांचा झाला. त्याने कुठे कुठे अर्ज केले ते ठाऊक आहे, पण निर्णय सांगत नाही. शाळेच्या काउन्सेलरला ईमेल केला तर त्यांनी मुलाशी बोला म्हणून कळवले. फी आम्ही भरणार, माहिती मात्र आम्हालाच नाही. शिफारसपत्रेही आम्हाला पाहता आली नाहीत.
— एक आई-वडील, शिकागोचे उपनगर

उत्तर : अठरा पूर्ण होताच फेर्पाखालचे तुमचे हक्क मुलाकडे गेले. करविवरणात तो तुमच्यावर अवलंबून असेल तर त्याची संमती न घेताही शाळा तुम्हाला नोंद दाखवू शकते. पण दाखवलीच पाहिजे असे नाही, आणि काउन्सेलरने मुलाकडे बोट दाखवले हे योग्यच केले. वर सांगितल्याप्रमाणे काउन्सेलरलाही निर्णय मुलाकडूनच कळतात. शिफारसपत्रांचे म्हणाल तर कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक ऑनलाइन अर्जात, ती नंतर पाहण्याचा हक्क सोडत आहे असे बहुतेक मुले नोंदवतात. त्यामुळे पत्र मोकळेपणाने लिहिलेले आहे असे कॉलेजांना वाटते. तुमच्या मुलानेही तसे केले असेल तर ती त्यालाही दिसणार नाहीत.

जाता जाता, धाकट्या भावंडांच्या पालकांसाठी: हायस्कूलमध्ये असतानाच मुलाने कम्युनिटी कॉलेजचा एखादा विषय घेतला, तर त्या कॉलेजातल्या नोंदीवरचा हक्क वय काहीही असले तरी मुलाचा असतो. पंधरा वर्षांच्या मुलीची कॅल्क्युलसची श्रेणी कॉलेजने सांगायला नकार दिला, असे पत्र मला दर वर्षी एक तरी येते. हायस्कूलच्या नोंदीत ती श्रेणी आली की तिथे मात्र ती तुम्हाला पाहता येते.

फीचा मुद्दा रास्त आहे, पण तो शाळेकडे नेण्यासारखा नाही. १ मे ही बहुतेक कॉलेजांना मुलाने आपण येणार असे कळवण्याची अखेरची तारीख असते आणि त्याआधी अनामत रक्कम भरावी लागते. किती पैसे देता येतील याचा आकडा एका कागदावर लिहून मुलाला द्या आणि आर्थिक मदतीची जी पत्रे आली असतील ती त्या आकड्याशेजारी ठेवायला एप्रिलचा पहिला रविवार ठरवून टाका. नकार किती आले ते त्या दिवशी विचारू नका. होकार आलेल्या कॉलेजांचीच पत्रे टेबलावर लागतील.